चांदण्या मोजून घ्या, मगच चितारा!

कॉम्प्युटरवर एका बटणासरशी हजारो तारे उमटतात. पण एवढ्यानं आभाळ होतं का? चंडीगडच्या सुखना तलावाचं रात्रीचं चित्र काढायचं झालं, तर काय काय ठाऊक हवं?

टायटॅनिक जहाज बुडालं १९१२ साली. त्यावरचा जेम्स कॅमेरॉनचा गाजलेला सिनेमा आला १९९७ साली. जहाजाच्या भव्य जिन्यापासून जेवणाच्या थाळ्यांवरच्या नक्षीपर्यंत सगळं जसंच्या तसं उभं करायला दिग्दर्शकानं पैसा पाण्यासारखा ओतला. आणि चूक सापडली ती कुठे? थेट डोक्यावरच्या आभाळात!

ती पकडली न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाचे संचालक नील डिग्रास टायसन यांनी. नायिका फळीवर पडून वर बघते, ते आभाळ त्या रात्रीचं नव्हतंच. त्यातही गंमत म्हणजे डाव्या बाजूचे तारे उजव्या बाजूचेच, आरशात दिसावेत तसे उलटे! म्हणजे अर्धंच आभाळ तयार करून उरलेलं अर्धं उलटं चिकटवलेलं. टायसन यांनी पिच्छा सोडला नाही. अखेर २०१२ मध्ये सिनेमा त्रिमितीत पुन्हा झळकला, तेव्हा कॅमेरॉननं १५ एप्रिल १९१२च्या पहाटे ४.२० वाजता त्या जागेवरून दिसलं असतं तसं आभाळ टायसन यांच्याकडून मागवून घेतलं आणि ते दृश्य बदललं.

कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्यांची ही कथा, तर घरच्या कॉम्प्युटरवर हौसेनं निसर्गचित्रं काढणाऱ्यांचं काय? आज शाळकरी मुलंही फोटोशॉप किंवा ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर डोंगर उभे करतात, तळी भरतात, झाडं लावतात. रात्र करायची वेळ आली की काळ्या रंगावर पांढरे ठिपके शिंपडून मोकळी होतात. चित्र चकाचक दिसतं. पण बघणाऱ्याला कुठंतरी खटकतं. काय खटकलं, ते मात्र सांगता येत नाही!

चंडीगडच का?

मुद्दा नीट समजायचा तर एक गाव पक्कं केलेलं बरं. चंडीगडला चित्रकलेची पुण्याई मोठी आहे. फाळणीनंतर १९४८ मध्ये लाहोरच्या संग्रहालयातल्या वस्तूंची वाटणी झाली. ६० टक्के पाकिस्तानात राहिल्या, ४० टक्के भारताच्या वाट्याला आल्या. त्यांतून चंडीगडचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. ल कॉर्बुझिएनं आखलेल्या त्याच्या इमारतीचं उद्‌घाटन १९६८ साली झालं. गांधार शिल्पांइतकीच तिथली पहाडी लघुचित्रं नावाजलेली आहेत. शेजारच्या आर्ट कॉलेजचं मूळही लाहोरचंच. तिथल्या मेयो स्कूलची ती पुढची पाती. आणि त्या मेयो स्कूलचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवूड किपलिंग १८७५ मध्ये लाहोरला गेले ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून! तेव्हा चंडीगड मराठी माणसाला वाटतं तेवढं परकं नाही. शेजारीच चंडीमंदिरची लष्करी छावणी आहे. बदलीच्या निमित्तानं तिकडे बिऱ्हाड हलवलेली मराठी घरंही थोडी नाहीत.

अशा एखाद्या घरातल्या मुलाला सुखना तलावाचं रात्रीचं चित्र काढायचं आहे, असं धरून चालू. १९५८ साली ओढ्याला बांध घालून केलेला हा तलाव. काठावर फिरायची लांबलचक वाट, समोर पाणी आणि पाण्यापलीकडे शिवालिकच्या टेकड्या. टेकड्या झाल्या, पाणी झालं. आता आभाळ.

रांगोळीचे ठिपके नव्हेत

पहिली चूक होते ती तारे मांडताना. हातानं ठिपके द्यायला बसलं, की प्रत्येक ठिपका शेजारच्यापासून बेतानं लांब पडतो. कुठे दाटी झाली तर हात आपोआप आवरतो, कुठे मोकळं दिसलं तर तिथे एक ठिपका भरतो. परिणाम काय? रांगोळीसाठी मोजून दिलेल्या ठिपक्यांसारखं आभाळ!

खरं आभाळ ताटात उधळलेल्या मोहरीसारखं असतं. इथं चार दाणे एकमेकांना बिलगलेले, तिथं वीतभर जागा रिकामी. नशिबानं पडलेल्या गोष्टी सारख्या अंतरावर पडत नाहीत. त्यांचे घोस होतात आणि मध्ये भगदाडं राहतात. शिवाय काही तारे खरोखरच एका कुटुंबातले असतात. कृत्तिकेचा झुबका बघा. म्हणून हातानं पेरण्यापेक्षा कॉम्प्युटरला योगायोगानं ठिपके टाकू देणं बरं. फोटोशॉपमधली 'नॉइज'ची सोय नेमकं तेच करते. त्यातले फिके ठिपके उडवून थोडेच राखले की पायाभरणी होते.

याहून वरची पायरी म्हणजे ठिपके उधळायचेच नाहीत, खरे तारे खऱ्या जागी बसवायचे. १९८२च्या 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या सिनेमात सुमारे मिनिटभराचं एक दृश्य आहे. ओसाड ग्रह बघता बघता हिरवागार होतो. संपूर्णपणे कॉम्प्युटरवर घडवलेलं हे दृश्य करणाऱ्या चमूतूनच पुढे 'पिक्सार' ही कंपनी निघाली. त्या दृश्यातले तारे उगाच टाकलेले नव्हते. सुमारे बारा प्रकाशवर्षं दूरच्या इप्सिलॉन इंडी या ताऱ्याजवळून आभाळ कसं दिसेल, याचं गणित करून ते बसवले होते. तिथून सप्तर्षींत एक जास्तीचा तारा दिसतो. तो कोण? आपला सूर्य! किती प्रेक्षकांच्या ध्यानात आलं असेल? पण करणाऱ्यांनी कुचराई केली नाही.

आता हे काम फार सोपं झालं आहे. येल विद्यापीठाच्या सुप्रसिद्ध सूचीत नुसत्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सुमारे ९,१०० ताऱ्यांच्या जागा, तेज आणि रंगांची नोंद आहे. युरोपच्या 'गाया' यानानं २०१३ ते २०२५ या काळात सुमारे १८० कोटी ताऱ्यांची मोजदाद केली. आणि 'स्टेलेरियम' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर गाव, तारीख आणि वेळ घातली की त्या क्षणीचं आभाळ पडद्यावर मांडून दाखवतं.

थोडे थोर, पुष्कळ लहान

दुसरी चूक तेजाची. सगळे तारे एकाच मापाचे काढले, तर आभाळाला खोली येत नाही. ताऱ्यांची प्रतवारी फार जुनी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांपासूनची. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या ज्योतिर्विदानं तिला गणितात बसवलं. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, एका प्रतीचा म्हणजे सुमारे अडीचपट. हे पॉग्सनसाहेब पुढे हयातभर मद्रासच्या वेधशाळेत राहिले, म्हणजे निम्मे आपलेच!

चित्रकाराच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. पहिल्या प्रतीचे तारे सगळ्या आभाळात मिळून विसेकच. तिथून खाली एकेक प्रत उतरावं, तशी संख्या साधारण तिप्पट होत जाते. म्हणजे गावातल्यासारखंच! वाडेवाले चार, चौसोपी घरंवाले दहा-बारा, बाकी सगळी साधी घरं. तेव्हा चित्रातही ठसठशीत तारे मोजकेच हवेत, मध्यम थोडे जास्त आणि बाकी सगळी बारीक पूड.

इथं कॉम्प्युटरची एक अडचण आडवी येते. व्याध हा आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून जवळपास हजारपट उजळ. नेहमीच्या चित्र-फाइलमध्ये मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. हजारपट फरक त्यात मावणार कसा? नाहीच मावत. म्हणून चित्रकार युक्ती करतो. तेज वाढवता येत नाही, तिथं आकार वाढवतो. ठळक ताऱ्याचा ठिपका किंचित मोठा काढून त्याभोवती अगदी पुसट प्रभा देतो. वास्तविक तारा डोळ्यांना बिंदूएवढाच असतो, पण बघणाऱ्याचं मन ही लबाडी आनंदानं मान्य करतं.

एक लबाडी मात्र टाळावी. चार टोकांचा, चांदीच्या फुलासारखा चमकणारा तारा! ही टोकं ताऱ्याची नव्हेत, दुर्बिणीची. हबल दुर्बिणीतला छोटा आरसा धरणाऱ्या चार पट्ट्यांमुळे तिच्या छायाचित्रांत चार किरण दिसतात. जेम्स वेबच्या चित्रांत आठ दिसतात. तलावाकाठी उभ्या माणसाच्या डोळ्यांत तसली दुर्बीण बसवलेली नसते.

काक्षी तांबूस, राजन्य निळसर

तारे पांढरेच असतात, हा आणखी एक गैरसमज. मृगाच्या चौकोनात वरच्या बाजूचा काक्षी तांबूस आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर-पांढरा. रोहिणी नारिंगी, ज्येष्ठा लालसर, चित्रा निळसर. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान ३,५०० अंशांच्या आसपास, सूर्याचं सुमारे ५,८००, राजन्यचं १२,००० अंशांच्या घरात.

म्हणून लाल-निळ्या दिव्यांची माळ लावायची का? मुळीच नाही. अंधारात आपल्या डोळ्यांना अंधुक वस्तूचा रंग कळत नाही. रंग जाणवतो तो ठळक ताऱ्यांचाच, आणि तोही चिमूटभर. बारीक तारे करडे-पांढरेच ठेवावेत. कॅमेऱ्याचं निराळं. तो अर्धा-अर्धा मिनिट डोळा उघडा ठेवतो आणि रंग साठवत राहतो. त्याच्या फोटोतली आकाशगंगा जांभळी-गुलाबी दिसते. डोळ्यांना ती दुधाच्या ओघळासारखी फिकट दिसते. चित्र डोळ्यांचं की कॅमेऱ्याचं, हे आधी ठरवावं. दोन्ही चालतील, भेसळ चालणार नाही.

क्षितिजाजवळची गोष्ट विसरून चालत नाही. डोक्यावरचा तारा आपण हवेच्या एका थरातून पाहतो. अगदी क्षितिजालगतचा तारा त्याच्या चाळीसपट हवेतून! धूळ, धुरकं, बाष्प सगळं मध्ये. म्हणून टेकड्यांच्या कडेला तारे विरळ, मंद आणि किंचित तांबूस व्हायला हवेत. लुकलुकणंही तिथंच जास्त, कारण तो हवेचा खेळ आहे. चंडीगडच्याच पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून १९८२ साली पदवी घेतलेली कल्पना चावला १९९७ मध्ये अंतराळात गेली. तिथं हवेचा पडदाच नाही, म्हणून तिथून तारे लुकलुकताना दिसत नाहीत!

चंद्र केवढा?

चंद्र काढताना भले भले घसरतात. आभाळात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. हात ताठ करून धरलं, तर करंगळीच्या नखाच्या निम्म्यानं तो झाकला जातो. सुखनाच्या चित्रात साधारण ६० अंशांचा देखावा बसवला, तर चंद्राची रुंदी चित्राच्या रुंदीच्या १२०व्या हिश्शाएवढी होते. १,९२० ठिपके रुंद पडद्यावर फक्त १६ ठिपके! आणि सप्तर्षी? ते सुमारे २५ अंश पसरलेले, म्हणजे त्याच चित्रात ८०० ठिपके. प्रत्यक्षात चित्रं पाहावीत तर चंद्र परातीएवढा आणि सप्तर्षी अंगठीएवढे!

पौर्णिमेचा चंद्र आणि गच्च चांदणं एकाच चित्रात नांदत नाहीत. चंद्राच्या उजेडात बारीक तारे बुडून जातात. आणि कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध तारा काढण्याचा मोह तर कायमचा सोडावा. तिथं चंद्राचाच काळोखा भाग असतो. त्याच्याआडचा तारा दिसणार कसा?

दोन मुठी आणि तीन मुठी

आता मराठी मुलानं चंडीगडला गेल्यावर हमखास करायची चूक. मुंबई-पुण्याकडं पाहिलेलं आभाळ तो तिकडच्या टेकड्यांवर जसंच्या तसं चिकटवतो. पण गाव बदललं की आभाळही बदलतं. मुंबई सुमारे १९ अक्षांशांवर, चंडीगड जवळजवळ ३१वर. जितके अक्षांश, तितका ध्रुवतारा क्षितिजापासून वर. हात ताठ करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची. म्हणजे मुंबईत ध्रुव दोन मुठींवर, चंडीगडला तीन मुठींवर. आणि तो सर्वांत तेजस्वी वगैरे नाही बरं का! दुसऱ्या प्रतीचा साधा तारा आहे तो. त्याचा मान आहे तो न हलण्याचा.

दक्षिणेकडे उलटा हिशेब. आपल्याकडे थंडीत अगस्त्य चांगला दोन मुठींच्या आसपास चढतो. चंडीगडला तो मूठभरही वर येत नाही. धुरक्यात हरवला तर शोधत बसायचं! आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या अंगणातून दिसणारा मित्र हा ठळक तारा चंडीगडला उगवतच नाही.

सुखनाच्या काठावरून टेकड्या दिसतात त्या उत्तर-ईशान्येला. तेव्हा त्यांच्या डोक्यावर वृश्चिक किंवा अगस्त्य बसवला तर जाणकार हसेल. ते दक्षिणेचे रहिवासी. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री तिथं सप्तर्षी शेपटीवर उभे राहिल्यासारखे वर चढत असतात. मेमध्ये अभिजित येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रह्महृदय. पाण्यातलं प्रतिबिंबही याच हिशेबानं. वरच्या पूडभर ताऱ्यांतले पाण्यात मोजके ठळकच उमटतात. तेही मंद, आणि लहरींवर उभे ताणलेले.

सूट कुणाला?

कुणी म्हणेल, चित्र म्हणजे काय पंचांग आहे? रास्त प्रश्न आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये ऱ्होन नदीकाठची तारांकित रात्र रंगवली. त्यात सप्तर्षी झळकतात. पण देखावा आहे नैऋत्येकडचा, आणि सप्तर्षी असतात उत्तरेला! म्हणून ते चित्र कुणी निकालात काढलं का? चंडीगडच्या संग्रहालयातल्या पहाडी चित्रांतही रात्र निराळीच असते. आभाळ गर्द, पण राधा-कृष्णाचे चेहरे दिवसाउजेडी दिसावेत तसे लख्ख. त्या चित्रकारांची ती ठरवून घेतलेली रीत होती. रात्र आहे एवढी खूण पुरे, पाहायचं ते माणसांच्या मनातलं, अशी.

फरक आहे तो इथं. व्हॅन गॉग नदीकाठी जाऊन खऱ्या आभाळाखाली चित्रं काढत होता. पहाडी चित्रकाराच्या अंगणावर रोज रात्री तारे सांडत होते. त्यांनी जे बदललं ते त्यांना ठाऊक होतं. आजचा मुलगा जे बदलतो, ते त्यानं कधी पाहिलेलंच नसतं.

आभाळच हरवलं तर?

आणि इथंच सगळं घोडं अडतं. सुखनाचं आजचं आभाळ प्रामाणिकपणे काढायचं ठरवलं, तर चित्रात तारे किती येतील? मोजकेच! आकाशगंगा तर नाहीच. शहराचे दिवे वर फेकलेल्या उजेडानं आभाळ धुऊन काढतात. हे काही एकट्या चंडीगडचं दुखणं नाही. मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे तेच. स्वच्छ, काळोख्या जागी एका वेळी अडीच-तीन हजार तारे सहज दिसतात. शहरात मात्र मुलांच्या बोटांवर मोजून संपतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगाच्या रात्रीच्या उजेडाचा नकाशा प्रसिद्ध केला. जगातली ८० टक्क्यांहून अधिक माणसं दिव्यांनी मळलेल्या आभाळाखाली राहतात आणि तिघांतल्या एकाहून अधिक जणांना घरून आकाशगंगा दिसतच नाही, असं त्यातून निघालं.

पूर्वी चित्र चुकलं तर आजी म्हणायची, "अरे, बाहेर जाऊन बघ की जरा!" आता बाहेर जाऊन दिसणार काय? पुष्कळ मुलांचं पहिलं चांदणं पडद्यावरचंच असतं. तेच खोटं असेल, तर पडताळून पाहायला दुसरं काही उरत नाही. म्हणून चित्रातला तारा जागच्या जागी असावा, हा नुसता बारकाव्याचा हट्ट नाही.

सुदैवानं काळोख अजून अगदीच संपलेला नाही. चंडीगडकरांना वर हिमाचलात स्पीतीचं खोरं आहे. त्याही पलीकडे लडाखमधलं हानले, जिथं सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दुर्बीण आहे आणि २०२२ मध्ये भोवतालचा परिसर काळोख जपण्यासाठी राखीव झाला. मराठी माणसाला तर एवढं लांब जायलाही नको. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली, जमिनीवर पडेल अशी व्यवस्था केली गेली. दिवे गेले नाहीत, फक्त त्यांनी मान खाली घातली आणि वर तारे परत आले! पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनं १९४४ पासून आणि मुंबईच्या खगोल मंडळानं १९८५ पासून लोकांना आभाळ ओळखायला शिकवलं आहे. वांगणीच्या माळावर रात्र जागवून घरी परतलेली मुलं आता आपल्या मुलांना सप्तर्षी दाखवत असतील.

घरी करून पाहा

सुट्टीत मुलांना कॉम्प्युटरवर रात्र रंगवायची असेल, तर हा क्रम उपयोगी पडेल.

१. आभाळ कोळशासारखं काळं करू नका. वर गडद निळसर-करडं, क्षितिजाकडे जरा उजळ. टेकड्या मात्र आभाळाहून काळ्या.

२. ताऱ्यांचे तीन वेगळे थर करा. पहिला बारीक पुडीचा, दुसरा मध्यम ताऱ्यांचा, तिसरा ठळक ताऱ्यांचा. पहिल्या थरावर 'नॉइज' टाका, किंचित धूसर करा आणि फिके ठिपके घालवून टाका.

३. ठळक तारे हातानं द्या, दहा-पंधराच. स्टेलेरियममध्ये गाव, तारीख आणि वेळ घालून त्यांच्या जागा बघून घ्या. त्यांनाच किंचित रंग आणि पुसट प्रभा.

४. आकाशगंगेसाठी ढगांचा फिल्टर वापरा. त्यामागचं तंत्र केन पर्लिन यांनी शोधलं. 'ट्रॉन' या सिनेमाचं काम करताना कॉम्प्युटरच्या चित्रांचा गुळगुळीतपणा त्यांना खटकला, त्यातून ते सुचलं आणि १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. पट्ट्याच्या मधून धुळीचे काळे ओघळ द्यायला विसरू नका. धनू राशीकडे पट्टा रुंद आणि उजळ ठेवा, मृगाच्या बाजूला अगदी फिकट.

५. क्षितिजाजवळ सगळे थर हलक्या हातानं पुसत आणा.

६. शेवटी चित्र उलटं करून पाहा. ठिपके सारख्या अंतरावर वाटले, तर पुन्हा उधळा.

आणि या सगळ्याच्या आधीचं एक काम. येत्या दिवाळीत गावी गेलात, तर लक्ष्मीपूजनाची रात्र अवसेची असते हे ध्यानात ठेवा. फटाक्यांचा धूर विरला, पणत्या शांत झाल्या, की मुलांना गच्चीवर किंवा खळ्यात न्या. मोबाइल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात, तेवढा धीर धरा. मग मुठीनं मोजत ध्रुव शोधायला सांगा. दोन मुठींवर सापडतो की नाही बघा!